मंदीतील अंदाजपत्रक आणि नगरसेवकपदाचा उमेदवार



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात साहित्यावर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आज मात्र मी महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकाविषयी बोलणार आहे. या विषयाकडे मी शब्दांच्या वाटेने आलो. जमा, खर्च, बाकी, जकात हे शब्द अरबी-फार्सीतून दफ्तराच्या मार्गाने मराठीत आले आणि इथलेच झाले. ‘अंदाजपत्रक’ या शब्दात तर फार्सी ‘अंदाज’ आणि संस्कृत ‘पत्रक’ एकत्र नांदतात. त्यातील ‘अंदाज’ आपण विसरतो. अंदाजपत्रकातील पैसा हाती आलेला नसतो, तो येईल अशी अपेक्षा असते. आणि मंदीत आधी ढासळते ती ही अपेक्षाच.

आपल्या वडोदऱ्याचेच उदाहरण घेऊ. पूर्वी शहराच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात होता. नाक्यावर माल आला की त्याच दिवशी रोख जमा होई. व्यापार थंडावला की जकातही आटे, हा तिचा दोष. पण ती शहराच्या स्वतःच्या हातची होती. गुजरातमधील महानगरपालिकांची जकात २००७ साली रद्द झाली आणि तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. आता शहराचे स्वतःचे म्हणावे असे उत्पन्न मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी, व्यवसाय कर आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क एवढेच. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १९९३ साली अमलात आली, बाराव्या परिशिष्टात नगरसंस्थांसाठी १८ विषय नोंदवले. परंतु कोणते कर त्यांनी लावावेत, हे ठरवणे राज्यांच्या कायद्यावर सोपवले. कर्तव्यांची यादी लांब आणि थैली आखूड, अशी ही रचना आहे.

मंदी या थैलीवर एकाच वेळी सर्व बाजूंनी घाला घालत नाही. सर्वांत आधी बांधकाम परवानग्यांचे शुल्क घटते, कारण बांधकाम करणारा प्रथम हात आखडतो. मालमत्ता कर आपल्याकडे जागेच्या क्षेत्रफळावर बेतलेला असल्याने आकारणी कमी होत नाही. मात्र वसुली मागे पडते आणि थकबाकी फुगते. अनुदान राज्याच्या तिजोरीवर अवलंबून, आणि मंदीत तीही तंगीत असते. दुसरीकडे खर्च हटत नाही. महीकाठच्या फ्रेंच विहिरींतून पाणी उपसण्याचे वीजबिल, सफाई कामगारांचे वेतन, निवृत्तांचे निवृत्तिवेतन यांपैकी काय थांबवणार? उलट ज्या घरातील रोजगार गेला, ते घर पालिकेच्या दवाखान्याकडे आणि शाळेकडे वळते.

केंद्र सरकार तूट दाखवून कर्जावर वर्ष काढू शकते. महानगरपालिकेला वर्षाअखेर शिल्लक दाखवावी लागते, आणि कर्जासाठी राज्याची मंजुरी घ्यावी लागते. मग कात्री कुठे लागते? जिथे ओरड होत नाही तिथे. जलवाहिनीची गळती, पावसाळी गटारांतील गाळ, शाळेचे छप्पर यांची कामे पुढे ढकलली जातात. ही बचत कागदावर दिसते. तिचा हिशेब पावसाळा मागतो. विश्वामित्रीच्या काठावरील आपल्याला, विशेषतः ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर, हे वेगळे सांगायला नको. दुसरी युक्ती म्हणजे ठेकेदारांची बिले थकवणे. रोखीच्या हिशेबात शिल्लक शाबूत दिसते, पण ते अलिखित कर्जच असते. आणि पुढच्या निविदेत ठेकेदार त्याची किंमत चढवून लावतो.

कर्ज सर्वस्वी वाईट, असेही नव्हे. १९९८ साली अहमदाबाद महानगरपालिकेने राज्याच्या हमीविना १०० कोटी रुपयांचे रोखे काढून देशाला वाट दाखवली. वडोदऱ्यानेही मार्च २०२२ मध्ये १०० कोटींचे रोखे ७.१५ टक्के व्याजाने विकले. म्हणजे वर्षाला ७ कोटी १५ लाख रुपये केवळ व्याज. त्यातून मलनिस्सारणासारखे दीर्घकाळ टिकणारे काम उभे राहिले, तर उद्याच्या पिढीने त्याचा भार उचलणे न्याय्य आहे. सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजव्याचे सरोवर बांधले. त्याचे पाणी आपण आजही पितो. परंतु वेतन भागवण्यासाठी काढलेले कर्ज म्हणजे नातवाच्या नावावर घेतलेली उसनवारी होय.

आता उमेदवारांकडे वळतो. वडोदऱ्याच्या १९ प्रभागांतून ७६ नगरसेवक निवडण्यासाठी २१ फेब्रुवारी २०२१ रोजी मतदान झाले. कोविडमुळे देशाचे उत्पन्न आकुंचन पावलेले ते वर्ष. प्रचारात आमच्या सोसायटीत आलेल्या एका तरुण उमेदवाराने घरपट्टी निम्मी करण्याचे आणि बागेत कारंजे बसवण्याचे आश्वासन एका दमात दिले. मी विचारले, “पहिल्याने जमा कमी होईल, दुसऱ्याने खर्च वाढेल, मधली रक्कम कोणाच्या नळातून काढणार?” तो म्हणाला, “काका, ते आयुक्तसाहेब बघतील.” उत्तर प्रामाणिक होते, म्हणूनच मला ते अस्वस्थ करते. आयुक्त अंदाज मांडतात हे खरे. पण ते तपासून बदलण्याचा अधिकार स्थायी समितीला आणि सर्वसाधारण सभेला आहे. तो अधिकार जो वापरत नाही, तो पाच वर्षे केवळ हात वर करतो.

सरसकट करमाफीही तपासून पाहावी. बंद पडलेल्या दुकानाला सवलत देणे हा न्याय. पण तीच सवलत मोठ्या बंगल्याला दिली, तर तिची भरपाई झोपडपट्टीतील सार्वजनिक नळ करतो. खरा उपाय कमी आकर्षक आहे: ऐपत असून थकवणाऱ्यांकडून वसुली, नव्या शोभेच्या कामांना विराम आणि दुरुस्तीच्या रकमेला संरक्षण.

म्हणून मतदाराने दाराशी आलेल्या उमेदवाराला तीन प्रश्न विचारावेत. आपण जे देऊ म्हणता, त्याचा पैसा कोणत्या शीर्षकाखालून येणार? जमा अपेक्षेपेक्षा दहा टक्क्यांनी घटली, तर प्रथम कोणते काम थांबवाल आणि कोणते कदापि थांबवणार नाही? ठेकेदारांची देणी आणि करांची थकबाकी यांचे आकडे आपण पाहिले आहेत काय? यांची उत्तरे पाठ करून देता येत नाहीत. त्यासाठी अंदाजपत्रक वाचावेच लागते.

मित्रहो, या शाळेने आपल्याला वाचायला शिकवले. कवितेइतकेच काळजीपूर्वक शहराचे अंदाजपत्रकही वाचावे, एवढीच माझी विनंती आहे.