जंतू मोजायचे की त्यांच्यावर धावून जाणाऱ्या पेशी?

पोटातलं जग : लेखांक सातवा

फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झी या लांबलचक नावाच्या जिवाणूपाशी आपण गेल्या आठवड्यात थांबलो. निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात तो मुबलक असतो. न पचलेल्या तंतूंपासून तो ब्युटिरेट तयार करतो आणि तिथल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच इंधनावर जगतात. क्रोन्स डिसीजमध्ये, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज राहणाऱ्या आजारात, मात्र तो घटतो. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांच्या आतड्यात तो कमी होता, त्यांचा आजार सहा महिन्यांत परतण्याची शक्यता अधिक होती, असं पॅरिसच्या हॅरी सोकोल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं.

मग शौचातले जिवाणू मोजूनच आजारावर लक्ष का ठेवत नाहीत? अशा तपासण्या घरपोच विकल्या जातात, सोबत रंगीत आलेखही मिळतात. त्यावर विसंबून औषध बदलणं मला तरी धोक्याचं वाटतं. अमेरिकेत १३२ जणांचा वर्षभर पाठपुरावा केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाच रुग्णाच्या पोटातली जिवाणूंची वस्ती काही आठवड्यांत पार पालटलेली दिसली. शिवाय अँटिबायोटिक, जुलाब, आहार यांनीही ती बदलते.

दवाखान्यात मोजतात ते कॅलप्रोटेक्टिन, आणि ते जिवाणूंचं नसून आपलंच प्रथिन आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत ते ठासून भरलेलं असतं. जस्त आणि मँगनीज पकडून ठेवून ते जंतूंची उपासमार करतं. अस्तराला सूज आली की या पेशी आतड्यात उतरतात आणि हे हत्यार शौचात सापडतं. नॉर्वेच्या मागने फागरहोल यांच्या गटाने १९८० मध्ये ते पेशींतून वेगळं केलं. खोलीच्या तापमानालाही ते काही दिवस टिकतं, म्हणून गावाकडून नमुना पाठवणं जमतं.

एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमहून कमी असेल तर सहसा काळजी नसते. २५० च्या वर गेलं की डॉक्टर दुर्बिणीच्या तपासणीचा विचार करतात. मधल्या आकड्यांवर चर्चा चालते. लक्षणं उमटण्याच्या कित्येक आठवडे आधीच आकडा चढू लागतो, ही त्याची खरी किंमत. पोट दुखतंय पण आकडा खाली आहे, असंही होतं. तेव्हा औषध वाढवण्याआधी दुसरं कारण शोधावं लागतं.

पण सूज कशाची, हे कॅलप्रोटेक्टिन सांगत नाही. दुखण्यावरच्या गोळ्या, जंतुसंसर्ग, आतड्याचा क्षय, सगळ्यांत ते वाढतं. आपल्याकडे क्षय आणि क्रोन्स यांची गल्लत नेहमीची. ती सोडवायला आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि तरीही कधी कधी उत्तर मिळत नाही.

आधीच निदान झालेल्यांनी एक पाळावं: नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा द्यावा आणि दर वेळी त्याच प्रयोगशाळेत द्यावा, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.