सनदेवाचून वहिवाट

आपली पत्रे, छायाचित्रे, हिशेब आणि हस्तलिखिते परक्याच्या यंत्रावर, त्याने देऊ केलेल्या जागेत आणि तीही एक पैसा न मोजता ठेवण्याची रीत आपल्या अंगवळणी पडल्याला आता पाव शतक होऊन गेले. आणि एवढ्या अवधीत ही जागा कुठे आटली, कुठे तिला भाडे लागले आणि कुठे ती रातोरात जप्त झाली, याचा सलग हिशेब मांडून पाहिला, म्हणजे एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते ती अशी, की या नुकसानीच्या मुळाशी यंत्राचा बिघाड क्वचितच आढळतो. बहुतेक ठिकाणी देणाऱ्याचा इरादा बदलला, आणि घेणाऱ्याच्या हाती त्याला अडवील असा कोणताही दस्तऐवज नव्हता.

मराठेशाहीच्या महसुली व्यवस्थेत गावची जमीन कसणाऱ्यांत मिरासदार आणि उपरी असा भेद असे. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा, दप्तरी नोंदलेला. उपरी मात्र ठरावीक मुदतीच्या बोलीवर जमीन कसणारा. उपऱ्याने बांध घातले, खत घातले, वर्षानुवर्षे घाम गाळला, तरी एवढ्याने तो मिरासदार होत नसे. फुकट साठवणुकीच्या जागेत आपण सारे उपरी आहोत, आणि त्यातही आपल्या बोलीची मुदत कोणती, हे आपल्याला सांगितलेले नाही.

या इतिहासातील पहिले मोठे प्रकरण जिओसिटीजचे. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या सेवेने सामान्य माणसाला इंटरनेटवर स्वतःचे पान मांडण्यासाठी विनामूल्य जागा दिली, त्या जागांच्या पेठा पाडल्या, पेठांना नावे दिली, आणि तेथे येऊन राहणाऱ्यांना वसाहतकरी म्हटले. लोकांनीही ते मनावर घेतले. कुणी घराण्याची वंशावळ मांडली, कुणी गेलेल्या मुलाच्या आठवणी लिहिल्या, कुणी पाककृती आणि प्रवासवर्णने नोंदवली. १९९९ साली याहूने साडेतीनशे कोटी डॉलरहून अधिक मोल देऊन ही कंपनी घेतली, आणि पुरती अकरा वर्षेही न लोटता, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, ती बंद केली. पूर्वसूचना काही महिने आधी दिलेली होती हे खरे; परंतु जुना ई-पत्ता केव्हाच सोडून दिलेल्या माणसापर्यंत ती पोहोचावी कशी? जेसन स्कॉट आणि त्यांच्या ‘आर्काइव्ह टीम’मधील स्वयंसेवकांनी अखेरच्या महिन्यांत अहोरात्र प्रती काढल्या म्हणून त्या पानांचा मोठा भाग आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. ज्या संस्थेने तो ठेवा विकत घेतला तिने तो राखला नाही, आणि ज्यांचा त्यावर काडीचाही हक्क नव्हता त्यांनी तो वाचवला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अर्थपूर्ण वाटते.

आपल्या सवयी खऱ्या अर्थाने पालटल्या त्या १ एप्रिल २००४ पासून. त्या दिवशी गुगलने जीमेलची घोषणा केली आणि प्रत्येकाला एक गिगाबाइट जागा देऊ केली. हॉटमेलची फुकट जागा त्या वेळी दोन मेगाबाइट आणि याहूची चार मेगाबाइट असल्यामुळे पुष्कळांना ती एप्रिल फूलची थट्टाच वाटली. तोवर पत्र वाचले, हवे ते छापून घेतले आणि उरलेले पुसले, अशी एक शिस्त नाइलाजाने का होईना पाळली जात होती. ती या औदार्याने मोडली. काय ठेवावे आणि काय टाकावे, हा जो विवेक पूर्वी प्रत्येक कुटुंबात कपाट आवरताना चालत असे, त्याचे प्रयोजनच संपले. पुढे २००८ साली ड्रॉपबॉक्स आले, २०१२ साली गुगल ड्राइव्ह आले, २०१३ साली गुगलने पत्रे, धारिका आणि छायाचित्रे मिळून पंधरा गिगाबाइटांची एकच मर्यादा ठरवली, आणि संग्रह करणे म्हणजे संग्रह राखणे असा एक समज आपल्यात रुजला.

यंत्राचा दोष क्वचित म्हटले, त्याचा दाखलाही देणे योग्य होईल. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधील एका चुकीमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खातेदारांच्या पत्रपेट्या एकाएकी रिकाम्या दिसू लागल्या. निरनिराळ्या ठिकाणी राखलेल्या अनेक प्रतींनाही तीच चूक भोवली होती. आणि अखेर ती पत्रे परत मिळाली ती यंत्रजालाबाहेर ठेवलेल्या चुंबकीय फितींवरून. ज्यांनी साऱ्या जगाला आपल्या जालावर विसंबायला शिकवले, त्यांनी स्वतः मात्र जालाबाहेरची एक प्रत सांभाळून ठेवली होती. त्यांच्या या दूरदृष्टीचे कौतुक करावे आणि तिचे अनुकरणही करावे.

जप्तीचे प्रकरण याहून कठोर आहे. १९ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने मेगाअपलोड ही साठवणुकीची सेवा स्वामित्वहक्काच्या भंगाच्या आरोपावरून बंद पाडली आणि तिचा चालक किम डॉटकॉम याला न्यूझीलंडमध्ये अटक झाली. त्या सर्व्हरांवर चोरीचे चित्रपट होते तसे निरपराध माणसांचे स्वतःचे कामही होते. ओहायोमधील एक व्हिडीओ-चित्रणकार शालेय क्रीडासामन्यांचे चित्रण करून उपजीविका करीत असे. त्याची घरची हार्ड डिस्क जप्तीच्या थोडेच दिवस आधी निकामी झालेली, आणि दुसरी प्रत होती ती मेगाअपलोडवर. तो तर पैसे भरणारा ग्राहक होता, तरीही आपल्याच चित्रफिती परत मिळाव्यात म्हणून त्याला व्हर्जिनियाच्या न्यायालयात अर्ज करावा लागला. पुढे युरोपातील एका सर्व्हर-पुरवठादाराने मेगाअपलोडचे ६३० सर्व्हर पुसून टाकले. आरोप चालकावर, शिक्षा ठेवीदाराला, असा हा न्याय झाला. आणि ठेवीदाराचे हे नुकसान व्हायला कोणत्याही एका अधिकाऱ्याने कायद्याबाहेर पाऊल टाकावे लागले नाही, हीच त्यातील चिंतेची बाब होय.

ऑर्कुटची गोष्ट मराठी वाचकाला निराळी सांगावयास नको. ब्राझील आणि भारत या दोन देशांतच ते सर्वाधिक बहरले, आणि परदेशी गेलेल्या कितीतरी मराठी मुलामुलींनी गावच्या, शाळेच्या, गडकिल्ल्यांच्या नावाने तेथे समुदाय मांडले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. सार्वजनिक समुदायांतील लेखन काही काळ वाचण्यापुरते उपलब्ध ठेवण्यात आले आणि नंतर तेही काढून घेतले गेले.

त्यानंतरचा काळ मुख्यतः आखडत्या हाताचा. २०१३ साली फ्लिकरने एक टेराबाइट जागा फुकट दिली, आणि मालकी बदलल्यावर २०१८ च्या नोव्हेंबरात फुकट खात्याला एक हजार छायाचित्रांची मर्यादा घालून वरची पुसण्याचे जाहीर केले. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हची फुकट जागा पंधरावरून पाच गिगाबाइटांवर आणण्याचे ठरवले. लोकांनी ओरड केल्यावर, मुदतीत कळवील त्याला जुनी जागा ठेवण्याची सवलत मिळाली, आणि ज्यांना त्या मुदतीची वार्ताच नव्हती ते तिला मुकले. २०१७ साली फोटोबकेटने दुसऱ्या संकेतस्थळांवर चित्रे दाखवण्यासाठी वर्षाला जवळजवळ चारशे डॉलर मागितले, तेव्हा जगभरच्या असंख्य पानांवरील चित्रे एकदम नाहीशी झाली. गुगल फोटोजची अमर्याद जागा २०१५ साली सुरू झाली आणि १ जून २०२१ पासून थांबली. पुढे व्हॉट्सअ‍ॅपचा अँड्रॉइडवरील बॅकअपही त्याच पंधरा गिगाबाइटांत मोजला जाऊ लागला. आज घरोघरी फोनवर ‘स्टोरेज फुल’ अशी सूचना येते आणि नवी पत्रे येणे बंद पडते, त्याचे मूळ या दोन निर्णयांत आहे. यात कुणी वचन मोडले असे कायद्याच्या भाषेत म्हणता येणार नाही, कारण अटी बदलण्याचा अधिकार प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवसापासून राखून ठेवलेला होता. सहा वर्षे सवय लावावी आणि सवय पक्की झाल्यावर दर सांगावा, हा व्यवहार कायदेशीर असला तरी मी त्याला सचोटीचा म्हणणार नाही.

मे २०२३ मध्ये गुगलने जाहीर केले, की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्या वर्षाच्या डिसेंबरापासून पुसली जाऊ शकतील. सुरक्षिततेच्या दृष्टीने नियमाला आधार आहे. पण मृत माणूस आपले खाते उघडत नाही. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांत मंडळात याच धर्तीचे एक प्रकरण मी जवळून पाहिले आहे. मंडळाचे ज्येष्ठ चिटणीस, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणत असू, त्यांनी कोकणातल्या घराघरांतून मोडी कागद, लग्नपत्रिका आणि जुने फोटो मिळवून त्यांच्या स्कॅन-प्रती एका फुकट खात्यात रचून ठेवल्या होत्या. प्रत्येक शाखेला एक फोल्डर, प्रत्येक कागदाला क्रमांक आणि पाठवणाऱ्याचे नाव. आबा गेले, त्यांचा फोन नंबर घरच्यांनी बंद केला, आणि मंडळाने खाते उघडायला घेतले तेव्हा ओटीपी जाऊ लागला तो त्याच नंबरावर, जो एव्हाना कुण्या अनोळखी ग्राहकाला मिळालेला होता. मृत्यूचा दाखला पाठवून अर्ज केला. ठरीव मजकुराचे उत्तर आले. मूळ कागद बहुतेक त्या त्या घरी होते आणि कॅनडातल्या एका पुतण्याकडे पहिल्या दोन शाखांची सीडी निघाली, म्हणून काम पुन्हा उभे राहिले. मात्र दोन घरांतले मूळ कागद दरम्यान वाळवीने खाल्ले होते, ते कायमचे गेले.

निष्क्रियतेप्रमाणे संशयानेही खाते जाते. सॅन फ्रान्सिस्कोमधील एका पित्याने २०२१ साली आजारी बाळाच्या दुखऱ्या अवयवाचे छायाचित्र डॉक्टरांसाठी काढले; स्वयंचलित तपासणीने ते गैर ठरवले आणि गुगलने त्याचे खाते बंद केले. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवले, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२२ साली ही हकीकत प्रसिद्ध केली, तरी त्याची पत्रे, छायाचित्रे आणि फोन नंबर त्याला परत मिळाले नाहीत. अपील चालवायला न्यायासन असे नव्हतेच.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मृत्यूनंतर आपले हक्क कुणी बजावावेत यासाठी नामनिर्देशनाची तरतूद केली आहे, आणि गुगलच्या खात्यातही निष्क्रियतेनंतर कुणाला कळवावे हे नेमून ठेवण्याची सोय २०१३ पासून आहे. या दोन्हींचा लाभ घ्यावा. परंतु फुकट ठेवलेली वस्तू अमुक काळ राखलीच पाहिजे, असे बंधन यांपैकी कशानेही कुणावर येत नाही. म्हणून कुलवृत्तांत मंडळे, ग्रंथालये, महाराष्ट्र मंडळे आणि नाट्यसंस्था यांच्या चिटणिसांना माझी कळकळीची विनंती आहे, की संस्थेचे दप्तर एका माणसाच्या खासगी खात्यात ठेवू नये. खाते संस्थेच्या नावाने असावे आणि त्याच्या किल्ल्या किमान तिघांच्या हाती असाव्यात. वर्षातून एकदा, लेखापरीक्षणाच्याच सुमारास, सारी सामग्री उतरवून स्वतःच्या दोन हार्ड डिस्कांवर घ्यावी, त्या दोन निरनिराळ्या गावी ठेवाव्यात, त्या उघडतात की नाही हे पाहावे, आणि तसे पाहिल्याची नोंद कार्यकारिणीच्या इतिवृत्तात करावी.