कानाचा पडदा शिवत नाहीत, बदलतही नाहीत

‘डॉक्टर, पडदा शिवून घ्यायचाय’ किंवा ‘नवा बसवायचाय’, असं म्हणत अनेक जण कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जातात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा. त्याला टाका कुठे घालणार? आणि पडदा म्हणून प्लास्टिक-रबराचं काही बसवतही नाहीत.

होतं ते असं. कानशिलाच्या स्नायूवर एक पातळ, चिवट आवरण असतं. कानाच्या वर किंवा मागे छोटा छेद घेऊन त्याचा तुकडा काढतात. पडद्यातल्या भोकाच्या कडा खरवडून ताज्या करतात, कारण जुन्या, बरं होऊन बसलेल्या कडेवरून नवी त्वचा पुढे सरकत नाही. मग कानाच्या नळीची त्वचा पडद्यासकट अलगद उचलून तो तुकडा बहुतेक वेळा पडद्याच्या आतल्या बाजूने सरकवतात. त्याला खालून विरघळणाऱ्या स्पंजचा आधार देतात. पुढचं काम शरीर करतं: या तुकड्याच्या आधाराने कडेची त्वचा हळूहळू पसरते आणि भोक बुजतं. भोक फार मोठं असेल किंवा आधीची शस्त्रक्रिया फसली असेल, तर कानाचीच कूर्चा वापरतात. ती सहसा आत ओढली जात नाही. लहान भोकाला कधी कानाच्या पाळीतली चरबीही पुरते. दुर्बीण वापरली, तर अनेकदा कानामागे छेद घ्यावाच लागत नाही.

आणखी एक समजूत, प्रत्येक भोकाला ऑपरेशन लागतंच. थप्पड बसून किंवा काडी घातल्याने ताजा फाटलेला पडदा बहुतेकदा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतो. कान कोरडा ठेवायचा, एवढंच पथ्य. लसूण घालून गरम केलेलं तेल आपल्याकडे अजून सर्रास कानात ओततात. भोकातून ते थेट मधल्या कानात उतरतं आणि कान वाहू लागतो. हे कृपा करून थांबवा.

ऑपरेशन झालं की लगेच ऐकू येतं, हेही खरं नाही. सुरुवातीचे काही आठवडे स्पंजमुळे उलट कमीच ऐकू येतं. पुढे किती सुधारेल, हे मधल्या कानातली तीन हाडं शाबूत आहेत का आणि आतल्या कानाची नस कशी आहे, यावर ठरतं. म्हणून आधी श्रवणचाचणी हवीच. पडदा जुळेपर्यंत जोरात नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडं ठेवून द्यायची आणि कानात पाणी जाऊ द्यायचं नाही.

‘वाहायचा थांबला, म्हणजे बरा झाला’ ही समजूत सर्वांत घातक. भोक तसंच असेल, तर पाणी जाताच कान पुन्हा वाहतो. त्यातही पडद्याच्या वरच्या भागात भोक आणि घाण वास येणारा पू असेल, तर आत हाड कुरतडणारी त्वचेची वाढ, म्हणजे कोलेस्टिॲटोमा, असू शकते. तिथे नुसतं भोक बुजवून भागत नाही, बहुतेकदा कानामागच्या हाडाचंही ऑपरेशन लागतं. असा कान वाहत असेल, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता तज्ज्ञांना दाखवा.