अंगठा कुठे दाबायचा?

आईच्या पायांना सूज आली होती. ती गावी, मी पुण्यात. डॉक्टरांना व्हिडिओवर दाखवायच्या ॲपवर तिचा नंबर घातला, पण ओटीपी आला तो तिच्या फोनवर. तो वाचायला चष्मा हवा, चष्मा देवघरात, आणि चष्मा मिळेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. दुसऱ्या खेपेला जमलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, पाय दाखवा." पडद्यावर आधी छताचा पंखा दिसला, मग कालनिर्णय, मग नुसता अंधार. कॅमेऱ्यावर आईचंच बोट होतं.

शेवटी शेजारची दहावीतली मुलगी धावून आली. डॉक्टरांनी तिला सांगितलं, "घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून धर आणि सोड. खड्डा पडतो का बघ." पडला, आणि लवकर भरूनही आला नाही. मग तिने गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरल्या. त्यात रक्तदाबाची ॲम्लोडिपिन होती. "हिच्याने सूज येऊ शकते," डॉक्टर म्हणाले, "पण आधी हृदय आणि किडनी तपासून घ्या. फोनवर गोळी बदलणार नाही." मला त्यांचा हा नकारच सगळ्यात भावला.

आता गंमत अशी, की आईकडे इंटरनेट नाही असं कुणी म्हणणार नाही. पहाटे यूट्यूबवर कीर्तन, सात वाजता सगळ्या गोतावळ्याला 'शुभ सकाळ'. पण येणारं बघणं वेगळं आणि आपलं दुखणं पलीकडच्याला दाखवणं वेगळं. आधी वाटायचं, तिला शिकवायला आपणच कमी पडतो. आता वाटतं, शिकवून किती शिकवणार? तपासायला दुसऱ्या माणसाचा हातच लागतो.

डॉक्टरांनी दुरून कसं तपासावं याचे नियम देशात 25 मार्च 2020 रोजी आले, नेमके टाळेबंदी सुरू झाली त्या दिवशी. पेशंटच्या वतीने घरच्या माणसाने किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने बोलण्याची सोय त्यात आहे. पुढच्याच महिन्यात, 13 एप्रिलला, सरकारच्या मोफत ई-संजीवनीची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. मोबाइल नंबर, ओटीपी, टोकन, आणि मग वाट बघणं.

पण ई-संजीवनीची दुसरी वाट त्याहून जुनी, नोव्हेंबर 2019 ची. पेशंट उपकेंद्रात जातो. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे गावाच्या भाषेत 'सीएचओ मॅडम', रक्तदाब आणि साखर तपासतात, स्वतः लॉगिन करून डॉक्टरांना जोडून देतात आणि शेजारी बसून राहतात. ओटीपीची भानगड म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात पडत नाही. ई-संजीवनीवरचे बहुतेक सल्ले याच वाटेने होतात, याचं मला नवल वाटत नाही. जाहिरातीत मात्र आरामखुर्चीत टॅबलेट घेऊन हसणारे आजोबाच दिसतात.

आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "उपकेंद्र गावाच्या त्या टोकाला. सुजलेल्या पायांनी जाऊ कशी?" रिक्षा गावात एकच, तीही सकाळी पोरांना शाळेत सोडायला जाते.

म्हणून सध्या ती शेजारची मुलगीच आमचं उपकेंद्र आहे. नडगीवर कुठे दाबायचं ते तिला आता सांगावं लागत नाही. जूनमध्ये ती अकरावीसाठी तालुक्याला जाणार आहे.