व्होल्ट तेच, अँपिअर तेच; तरी दवाखान्यातल्या मशीनला कोणताही पॉवर सप्लाय का चालत नाही?

मोबाइलचा चार्जर बिघडला की आपण काय करतो? शेजाऱ्याचा आणतो. पिन बसली, चार्जिंग सुरू झालं, विषय संपला.

पण हाच हिशोब नवजात बाळाच्या वॉर्मरला, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला किंवा साखर कारखान्यातल्या कंट्रोल पॅनेलला लावला तर तो महागात पडू शकतो. या मशीनना लागणारा पॉवर सप्लाय अनेकदा खास निवडावा लागतो, कधी मुद्दाम बनवूनही घ्यावा लागतो. आणि ही निवड मशीन काय काम करतं यावर जितकी ठरते, तितकीच ते कुठे चालणार आहे यावरही ठरते.

हे समजून घ्यायला बीड जिल्ह्यासारखं उदाहरण नाही.

वीज जिल्ह्यातच तयार होते, मग अडचण काय?

बीड जिल्ह्यात परळीला औष्णिक विद्युत केंद्र आहे. १९७१ साली तिथला पहिला संच सुरू झाला आणि आज तिथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. तिथून साधारण २५ किलोमीटरवर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं मोठं रुग्णालय आहे. वीज तयार होते ते ठिकाण आणि वीज सगळ्यात जपून वापरायची ते ठिकाण असं हाकेच्या अंतरावर.

पण परळीची वीज थेट अंबाजोगाईच्या सॉकेटमध्ये येत नाही. ती राज्याच्या ग्रीडमध्ये जाते आणि तिथून उपकेंद्र, ११ हजार व्होल्टचा फीडर आणि शेवटी गल्लीतली डीपी असा प्रवास करून परत येते. २०१५ साली दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद करावे लागले, तेव्हाही जिल्ह्याला वीज मिळत होती ती याच ग्रीडमधून.

खरा खेळ असतो तो शेवटच्या टप्प्यात, डीपी ते सॉकेट.

घरगुती वीज २३० व्होल्टची असते आणि त्यात ६ टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. प्रत्यक्षात शेतीची लाइट आली की ऑटोस्विचवरच्या मोटारी एकदम उठतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते, त्यामुळे त्या लाइनवरचा दाब खाली बसतो. उलट डीपीवरची न्यूट्रलची तार तुटली तर एखाद्या फेजवर २३० च्या जागी ३०० ते ४०० व्होल्ट येऊ शकतात. ‘व्होल्टेज वाढलं आणि गल्लीतले टीव्ही, फ्रिज उडाले’ हे खेड्यापाड्यात सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. शिवाय मान्सूनच्या तोंडावर पडणाऱ्या विजांचे झटके वेगळेच.

या सगळ्याला पहिली छाती देतो तो पॉवर सप्लाय.

पॉवर सप्लाय नेमकं करतो काय?

मशीनच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला २३० व्होल्ट एसी नको असतात. त्याला ५, १२ किंवा २४ व्होल्टची स्थिर डीसी लागते. आजचे पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, आधी एसीची सुमारे ३२५ व्होल्टची डीसी करतात. मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतात आणि पलीकडे हवी तितक्या व्होल्टची डीसी काढतात.

त्या ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला जीवघेणा दाब असतो, दुसऱ्या बाजूला माणसाला चिकटलेलं मशीन. मध्ये फक्त इन्सुलेशन आणि काही मिलिमीटर अंतर. पॉवर सप्लाय स्वस्त करायचा असेल तर काटछाट बऱ्याचदा इथेच होते, आणि बाहेरून ती दिसत नाही. लेबलवर दोन्हीकडे ‘१२ व्होल्ट, ५ अँपिअर’ असंच लिहिलेलं असतं.

लॅपटॉपच्या झिणझिण्या आणि पेशंटचं हृदय

चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या धातूच्या भागावरून बोट फिरवलं की कधीकधी झिणझिण्या जाणवतात. हा लीकेज करंट. इतर उपकरणांना त्रास होऊ नये म्हणून पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर बसवलेले असतात, त्यातून हा थोडासा करंट पलीकडे झिरपतो. निरोगी माणसाच्या कोरड्या कातडीला सहसा त्याचं काही होत नाही.

पण पेशंटची गोष्ट वेगळी. त्याच्या अंगाला ईसीजीचे इलेक्ट्रोड लावलेले असतात, शिरेत नळी असते, कधी ती थेट हृदयापर्यंत गेलेली असते. कातडीचा अडथळा बाजूला झालेला असतो. अशा वेळी हाताला जाणवणारही नाही इतका करंट हृदयाचे ठोके बिघडवू शकतो.

म्हणून वैद्यकीय विद्युत उपकरणांसाठी आयईसी ६०६०१-१ हे वेगळं मानक आहे. भारतात त्याला जुळणारं मानक आयएस १३४५० आहे. नेहमीच्या स्थितीत पेशंटच्या शरीरातून जाणारा लीकेज करंट १०० मायक्रोअँपिअरच्या वर जाता कामा नये, आणि थेट हृदयाशी जोडलेल्या उपकरणांना ही मर्यादा फक्त १० मायक्रोअँपिअर आहे. एक मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग.

याच मानकात पेशंटच्या संरक्षणासाठी इन्सुलेशनचे दोन स्वतंत्र थर मागितले जातात. एक निकामी झाला तरी दुसरा टिकावा म्हणून. २४० व्होल्टच्या वापरासाठी अशा दुहेरी संरक्षणाला ४ हजार व्होल्टची चाचणी झेलावी लागते, आणि दोन बाजूंमधलं पृष्ठभागावरचं अंतर ८ मिलिमीटर ठेवावं लागतं.

अर्थिंगचा मुद्दाही इथेच येतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होतं. त्यामुळे जे मशीन घरात किंवा लहान दवाखान्यात चालणार आहे, त्यासाठी सुरक्षेला अर्थिंगवर अवलंबून न राहणारा, दुहेरी इन्सुलेशनचा पॉवर सप्लाय निवडणं शहाणपणाचं ठरतं. त्याची खूण म्हणजे चौकोनाच्या आत चौकोन.

उन्हाळ्याचा हिशोब

पॉवर सप्लायवर ‘१०० वॅट’ लिहिलेलं असतं, पण ते किती तापमानापर्यंत? बरेच सप्लाय ५० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण ताकद देतात आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला अडीच टक्क्यांनी कमी होतात.

आता हिशोब करू. बीडमध्ये उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जाणं नवीन नाही. बंद डब्याच्या आत त्याहून १५ अंश जास्त धरले तर ५७ अंश झाले. म्हणजे मर्यादेच्या ७ अंश वर, ताकद साडेसतरा टक्क्यांनी कमी. १०० वॅटचा सप्लाय आता ८२.५ वॅटचा उरला. मशीन एरवी ६० वॅट खात असेल तर चालून जाईल. पण पंप सुरू होताना क्षणभर ९० वॅट मागत असेल तर? नेमक्या त्याच क्षणी ते बंद पडेल. १२० वॅटचा सप्लाय घेतला असता तर त्याच उन्हात ९९ वॅट मिळाले असते.

उष्णतेचा दुसरा मार आयुष्यावर पडतो. आतल्या इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. १०५ अंशांना ५ हजार तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना सुमारे ८० हजार तास, म्हणजे अखंड चालला तर नऊ वर्षं टिकेल. तोच ७५ अंशांना साडेचार वर्षांत थकेल.

कंपन्या सांगतात तो ‘३ लाख तासांचा एमटीबीएफ’ही नीट समजून घ्यायला हवा. त्याचा अर्थ एक सप्लाय ३४ वर्षं चालेल असा होत नाही. असे १०० सप्लाय रात्रंदिवस चालवले तर वर्षाला सरासरी तीनेक बंद पडतील, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून रुग्णालयात जास्तीचे सप्लाय ठेवावेच लागतात.

कारखान्याची गरज वेगळी

बीड जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, कापसाच्या जिनिंग आहेत. तिथल्या पीएलसी आणि सेन्सरना सहसा २४ व्होल्ट डीसी लागते. इथे पेशंट नसतो, त्यामुळे लीकेजची मर्यादा इतकी कडक नसते. पण शेजारीच मोठ्या मोटारी चालू-बंद होत असतात, पॅनेल थरथरत असतं, बगॅसचा भुसा आणि कापसाची तंतू-धूळ सगळीकडे बसत असते.

अशा ठिकाणी पंखा असलेला सप्लाय घेतला तर पंख्याची जाळी तुंबते आणि सप्लाय तापून बंद पडतो. त्यामुळे बिनपंख्याचा, सर्किटवर संरक्षक लेप दिलेला सप्लाय बरा. गाळप हंगामात तासभर कारखाना थांबणं परवडत नाही, म्हणून महत्त्वाच्या जागी दोन सप्लाय जोडीनं लावतात. एक गेला तरी दुसरा भार उचलतो.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी लागते. लाइट क्षणभर डुलकी घेते तेव्हा सप्लायनं साठवलेल्या ऊर्जेवर मशीन जिवंत ठेवायचं असतं. ही वेळ साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन. काही इन्व्हर्टर बदल करायला यापेक्षा जास्त वेळ घेतात. मग मशीन रीसेट होतं आणि इन्व्हर्टर असूनही असं का झालं, हे कुणाला कळत नाही.

मग खास बनवून कधी घ्यायचा?

मशीन बनवणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. बाजारातला तयार सप्लाय घ्यायचा, तयार सप्लायमध्ये वायर, कनेक्टर, व्होल्टेज असे छोटे बदल करून घ्यायचे, किंवा पूर्ण नवा बनवून घ्यायचा.

नवा बनवण्यात डिझाइन, नमुने आणि चाचण्यांचा खर्च आधीच येतो. वर्षाला थोडीच मशीन विकायची असतील तर तो अंगावर बसतो. म्हणून आधी तयार, मग थोडा बदललेला आणि दोन्ही जमत नसेल तरच खास, हा सरळ क्रम. एकाच डब्यातून चार वेगळे व्होल्टेज हवेत, बॅटरी चार्जिंगही त्यातच हवं, जागा अडचणीची आहे, किंवा ४०० व्होल्टचा फटका झेलायचा आहे, अशा वेळी खास सप्लायला पर्याय उरत नाही.

मात्र सप्लायला वैद्यकीय प्रमाणपत्र आहे म्हणून पूर्ण मशीन आपोआप पास होत नाही. मशीनची चाचणी वेगळी करावीच लागते. आणि पुढे एखादा सुटा भाग स्वस्तातला बसवला तर जुनी चाचणी लागू राहीलच असं नाही. भारतात वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे आहेत आणि २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं टप्प्याटप्प्यानं या चौकटीत आणली गेली.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली. वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमध्ये उडालेल्या ठिणगीतून आग लागल्याचं चौकशीनंतर सांगण्यात आलं. दुर्घटनेची कारणं कधीच एका सुट्या भागापुरती नसतात. पण बाळाच्या शेजारी रात्रंदिवस तापत असलेल्या डब्यात काय बसवलंय, त्याची तपासणी कधी झाली, हा प्रश्न त्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याचा झाला.

घरात मशीन असेल तर काय बघायचं?

आज अनेक घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, बायपॅप, नेब्युलायझर असतात. त्यांचा अ‍ॅडॉप्टर बिघडला तर पहिला पर्याय मूळ कंपनीचाच. तो मिळत नसेल तर कंपनीच्या तंत्रज्ञाला विचारून दुसरा घ्या आणि लेबलवर पाच गोष्टी तपासा:

१. आउटपुटचे व्होल्ट अगदी तेच हवेत.

२. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

३. पिनच्या आतलं आणि बाहेरचं प्लस-मायनस जुळायला हवं.

४. इनपुटची मर्यादा रुंद हवी, उदाहरणार्थ ९० ते २६४ व्होल्ट.

५. आयईसी ६०६०१-१ चा उल्लेख हवा. दुसऱ्या एखाद्या मानकाचा शिक्का त्याची जागा घेत नाही.

दाब सारखा वर-खाली होत असेल तर मशीनला साजेसा स्टॅबिलायझर लावा. अ‍ॅडॉप्टर गादीखाली किंवा उशीखाली ठेवू नका, त्याला वारा लागू द्या. वास आला, बारीक आवाज येऊ लागला किंवा हात लावता येणार नाही इतका तो तापला, तर ‘अजून चालतोय की’ म्हणत बसू नका.

पिन बसली म्हणजे पॉवर सप्लाय बसला असं नाही. तो आपल्या गावच्या विजेला, आपल्याकडच्या उन्हाला आणि पलीकडच्या माणसाला पुरला पाहिजे.