नीमो आला घरा, पोवळं राहू दे दर्यात!

2003 मध्ये ‘फाइंडिंग नीमो’ आला आणि तो केशरी-पांढरा क्लाऊनफिश आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जाऊन बसला. माझ्या ठाण्याच्या वन बीएचकेत सध्या असे दोन नीमो आहेत. घरी येणारा प्रत्येक जण काचेला नाक लावतो आणि दोनच प्रश्न विचारतो. खर्च किती? आणि कोरल का नाही ठेवलंस?

पहिल्याचं उत्तर सोपंय. गोड्या पाण्याचा टँक म्हणजे स्कूटी, खाऱ्या पाण्याचा म्हणजे गाडी. घेताना नाही, पोसताना कळतं! पैसा जातो तो माशांपेक्षा पाण्यावर. चौपाटीवरून बादली भरून आणायची आयडिया डोक्यातून काढून टाका. आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात अ‍ॅक्वेरियमचं खास मीठ घालायचं, लिटरला साधारण 35 ग्रॅम. रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 दिसलं की पाणी जमलं. पुढे टँकमधलं पाणी उडून जातं, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोजची तूट भरायची ती साध्या आरओच्या पाण्याने, खाऱ्या नव्हे.

मग येतो पेशन्सचा पेपर. चार ते सहा आठवडे रिकामा टँक बघत बसायचं! माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांनाच मारतो. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात (तेही विषारीच), दुसरे त्याचं नायट्रेट. या मंडळींना टँकमध्ये वस्ती करायला वेळ लागतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत एकही मासा आणायचा नाही. दुकानदार ‘आजच घेऊन जा मॅडम’ म्हणाला तरी!

पाणी 26 डिग्रीच्या आसपास हवं. ठाण्यातला मे महिना तुम्हाला माहीत आहेच. त्यामुळे चिलर आला आणि त्याच्यामागोमाग विजेचं बिल. लाइट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच.

आता दुसरा प्रश्न. एका दुकानात मला काउंटरखालून जिवंत कोरल दाखवलं होतं. जांभळं, मंद डोलणारं, एकदम झक्कास. मी नाही घेतलं. आपल्या समुद्रातली प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. ‘इम्पोर्टेड आहे हो’ म्हणणाऱ्याकडे कागद मागा. दगडी प्रवाळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला सायटिसची परवानगी लागते. कागदाचं नाव काढलं की बहुतेकांचा आवाज खाली येतो. सुंदर ‘लाइव्ह रॉक’सुद्धा बऱ्याचदा प्रवाळाचाच सांगाडा असतो, म्हणून माझ्याकडे सिरॅमिकचे दगड आहेत. दिसायला थोडे फिके, पण झोप शांत लागते.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. तेच त्याला अन्न देतं आणि बराचसा रंगही. पाणी तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. दर्यातच त्याची ही अवस्था, मग माझ्या हॉलमधल्या चिलरचा काय भरवसा? पोवळं बघायचंच तर मालवणला जा, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करा. आपल्या मुंबईतही ते आहे बरं का! कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये हाजीअली-वरळीची प्रवाळं उचलून नेव्हीनगरच्या बाजूला हलवावी लागली होती.

मासे घेतानाही ‘टँकमध्येच पैदास झालेले’ मागायचे. केरळात विळिंजमला सीएमएफआरआयने क्लाऊनफिशची पैदास करून दाखवली आहे, मग समुद्रातून पकडलेले कशाला? माझ्या जोडीतली मोठी ती मादी. गंमत म्हणजे क्लाऊनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला दादा पुढे मादी होतो, आणि ती गेली तर उरलेला नर तिची जागा घेतो. ही भानगड ऐकून आमची मालवणची मावशी खो खो हसली. तिचा प्रश्न मात्र तिसराच होता: ‘ह्ये खावचे नाय, मगे पोसतंस कित्याक?’

माझा टँक 150 लिटरचा. दर रविवारी सकाळी त्यातलं 15 लिटर पाणी बदलायचं असतं. तेवढा वेळ मला ब्रंचला बोलावू नका.