अतिस्वनातीत एंजिनांविषयीचे दावे : एक चिकित्सा

ध्वनीच्या पाचपट वा त्याहून अधिक वेगाने उडणाऱ्या आणि ज्वलनासाठी वातावरणातीलच हवा घेणाऱ्या एंजिनाचा प्रश्न सुटल्याची वार्ता दर काही वर्षांनी येते. फेब्रुवारी 1986 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी अमेरिकन काँग्रेसपुढील भाषणात वॉशिंग्टनहून दोन तासांत टोकियो गाठणारे विमान जाहीर केले. एक्स-30 या नावाची ती योजना 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच गुंडाळली गेली. विमान उडाले नाही. 2020 साली बीजिंग येथील जेएफ-12 या आघात-वातविवरात तिरकस विस्फोटतरंगावर चालणाऱ्या एंजिनाची प्रतिकृती तपासली गेली आणि पृथ्वीवर कोठेही दोन तासांत पोचण्याची भाषा पुन्हा सुरू झाली. मधल्या चौतीस वर्षांत त्या दोन तासांत मात्र काही फरक पडलेला दिसत नाही.

अशा वार्ता खोट्याच असतात असे नाही. बहुधा मापन खरे असते. मापनावरून काढलेले अनुमान मात्र त्याच्या फार पुढे गेलेले असते. हे अंतर किती मोठे आहे ते ध्यानात येण्यास ऊर्जेचा साधा हिशेब पुरेसा आहे.

उच्च वातावरणात तापमान 220 केल्विन धरल्यास ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 297 मीटर येतो. सहा माख वेगाने येणारी हवा विमानाच्या संदर्भात पूर्णपणे थांबवली, तर तिचे तापमान सुमारे 1800 केल्विन होते. इतक्या तप्त हवेत इंधन जाळून फारसा लाभ होत नाही. म्हणून या एंजिनात प्रवाह स्वनातीतच ठेवून त्यात ज्वलन घडवावे लागते. इंधनाला मिसळण्यास व पेटण्यास एक मिलिसेकंदाच्या आसपास अवधी मिळतो. वादळात काडी पेटवण्याची उपमा येथे नेहमी दिली जाते, परंतु खरी अडचण पेटवण्यापेक्षा पेटल्यानंतरच्या जमाखर्चात आहे.

आठ माख वेगाला एक किलोग्रॅम हवेची सापेक्ष गतिज ऊर्जा 2.8 दशलक्ष जूल असते. बारा माखला ती 6.4 आणि वीस माखला 17.6 दशलक्ष जूल होते. तितक्याच हवेत हायड्रोजन पूर्णतः जाळला तरी मिळणारी उष्णता मात्र कोणत्याही वेगाला सुमारे 3.5 दशलक्ष जूलच राहते. तिच्यापैकी निम्मी गतिज ऊर्जेत रूपांतरित झाली असे उदारपणे मानू. म्हणजे जमेस 1.75 आले. आता प्रवेशमार्गातील आघाततरंग, भिंतींचे घर्षण व निर्गमनलिकेतील अपूर्ण प्रसरण यांत मूळ गतिज ऊर्जेचा दहावा हिस्सा गेला असे धरले, तर वीस माखला खर्च 1.76 होतो. रेटा शून्य! (इंधनाचा स्वतःचा संवेग येथे सोडून दिला आहे.) निव्वळ रेटा हा दोन मोठ्या राशींमधील लहानसा फरक असल्यामुळे एकेका घटकातील दोनचार टक्क्यांची चूक सगळा निष्कर्ष उलटवू शकते. एक्स-30 ला कक्षेत जाण्यासाठी पंचवीस माखच्या जवळ पोचावयाचे होते, हे येथे आठवावे.

म्हणून “ज्वलन स्थिर झाले” या विधानाचे मोल मर्यादित आहे. जेएफ-12 मधील चाचणीचा अवधी सेकंदाच्या दशांशाच्या आसपास असतो. तेवढ्यात भिंत तापतसुद्धा नाही. अधिक काळ चालणाऱ्या वातविवरांत हवा तापवण्यासाठी बहुधा इंधनच जाळतात व कमी झालेला प्राणवायू वरून घालतात. पण त्या हवेत उरलेली वाफ ज्वलनाची गती बदलते, आणि हा दोष निष्कर्ष वाचताना सहज विसरला जातो.

उड्डाणातील पुरावा मोजकाच आहे. नासाचे एक्स-43ए हे मानवरहित यान 16 नोव्हेंबर 2004 रोजी 9.6 माखपर्यंत गेले. त्याचे एंजिन सुमारे दहा सेकंद चालले व रेटा रोधाची जेमतेम बरोबरी करणारा ठरला. सात माखच्या आसपास झालेल्या मार्चमधील उड्डाणात यान प्रवेग घेऊ शकले होते. तांब्याच्या भिंतींनी उष्णता शोषून घेणे एवढीच बहुतांश एंजिनाच्या संरक्षणाची सोय होती, त्यामुळे ते फार काळ चालणारच नव्हते. 1 मे 2013 रोजी एक्स-51ए चे इंधनानेच शीत राखलेले एंजिन सुमारे 210 सेकंद चालले, परंतु 5.1 माखला. माझ्या मते या क्षेत्रातील अधिक भरवशाची प्रगती हीच, जरी तिचा गाजावाजा कमी झाला.

घटकाचे यश एंजिनाच्या नावावर मांडण्याचे उदाहरण ब्रिटनमधील सेबरचे. त्याच्या पूर्वशीतकाने 2019 मध्ये कोलोरॅडो येथे सुमारे 1000 अंश सेल्सियसची हवा क्षणार्धात थंड करून दाखवली. ते यश निर्विवाद होते. संपूर्ण एंजिन मात्र कधीच चालले नाही, आणि ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस कंपनीचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला.

आपल्याकडील वृत्तेही याच काट्याने तोलावीत. 7 सप्टेंबर 2020 च्या उड्डाणात संरक्षण संशोधन व विकास संघटनेचे एंजिन वीस सेकंदांहून अधिक चालले. 25 एप्रिल 2025 रोजी हैदराबाद येथे शीतनयुक्त ज्वलनकक्षाची लघुप्रतिकृती जमिनीवर 1000 सेकंदांहून अधिक चालवण्यात आली. उष्णतेच्या प्रश्नापुरते हे मोठे पाऊल आहे. परंतु त्या केंद्रात तप्त हवा नळीवाटे थेट ज्वलनकक्षात सोडली जाते. प्रवेशमार्गातील आघाततरंग व यानाच्या बाह्यांगावरील रोध त्या मांडणीत येतच नाहीत, आणि म्हणून निव्वळ रेट्याचा आकडा त्या हजार सेकंदांतून काढता येत नाही.